जुना फ्रिज घराबाहेर कसा काढावा (तिसरा मजला, लिफ्ट नाही)

बंद पडलेला फ्रिज टाकायला घरात कुणाची हरकत नसते. वाद होतो तो अधूनमधून चालणाऱ्या फ्रिजवरून. सोमवारी दूध नासतं, मंगळवारी तोच फ्रिज बाटलीतल्या पाण्याचा दगड करून दाखवतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघ, चालतोय की!" आमच्याकडे हे वाक्य सासूबाईंचं होतं. त्या वाक्यावर तो फ्रिज आणखी दोन उन्हाळे राहिला.

गेल्या पंचवीस वर्षांत मी सात फ्रिज घराबाहेर काढले. आमचे दोन, सदाशिव पेठेतल्या वाड्यातला आईचा एक, भाडेकरू सोडून गेला तो एक, बाकीचे नातेवाइकांचे. हे आता माझंच खातं झालंय. "त्यात काय, भंगारवाल्याला हाक मारायची" असं सांगणाऱ्यांनी सहकारनगरातल्या आमच्या जिन्यातून एकदा फ्रिज उतरवून दाखवावा.

आधी निर्णय

मेकॅनिक वर्षात दोनदा गॅस भरून गेला असेल तर फ्रिज काढा. "गॅस संपला" हे निदानच नव्हे. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, तो स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं, आणि इथे ओतायचेही पैसे पडतात.

"असू दे, बाल्कनीत ठेवू, पाहुणे आले की उपयोगी पडेल" हेही नको. रबर सैल झालेला जुना फ्रिज दिवसाला दोन युनिट खातो असं धरलं तरी महिन्याला साठ होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर आणि ३०० युनिटनंतर दर चढतो. काठावरचं घर त्या साठ युनिटांनी वरच्या टप्प्यात जातं. एवढं करून आत काय असतं? लोणच्याची बरणी आणि मेंदीचे कोन.

आणि कामाला येणाऱ्या मावशींना देऊ नका. मी दिला होता, आणि वर दानधर्म केल्याच्या थाटात. त्यांनी टेम्पोचं भाडं दिलं, अठराशे रुपये घालून दुरुस्ती केली. फ्रिज दीड महिना चालला. मला त्यांनी चार महिने काहीच सांगितलं नाही, कारण दिलेल्या वस्तूची तक्रार कशी करायची! जो फ्रिज आपल्या घरात भरवशाचा नाही तो त्यांच्या घरात भरवशाचा होत नाही. द्यायचाच असेल तर नीट चालणारा द्या, किंवा सरळ पैसे द्या.

कुणाला द्यायचा

नवा घेत असाल तर एक्स्चेंज सोपं. पण दुकानात शिरल्या शिरल्या "जुना द्यायचाय" म्हणू नका. आधी जुन्याचा विषय न काढता नव्याची शेवटची किंमत ठरवून घ्या, आणि मग जुन्याचे किती ते विचारा. दोन हजारांचा "एक्स्चेंज बोनस" बऱ्याचदा नुसत्या घासाघिशीनेही मिळतो. ठरलं की बिलावर लिहून घ्या: जुना फ्रिज नेणार, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तोंडी कबुलीवर विसंबून मी एकदा फसले. नवा फ्रिज पोचवायला आलेली मुलं "आमच्याकडे तशी एंट्री नाही" म्हणाली आणि निघून गेली. जुना फ्रिज तीन आठवडे जिन्याच्या चौकात उभा होता. चौथ्या दिवशी त्यावर चिठ्ठी लागली: "जिन्यात फ्रिज ठेवणाऱ्यांनी तो आता आपला नाही असे समजू नये." अक्षर समोरच्या काकांचं होतं.

एक्स्चेंज नसेल तर ई-कचऱ्याचा नोंदणीकृत रीसायकलर गाठा. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि फ्रिज त्यांत येतो. रीसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रोज कचरा न्यायला येणाऱ्या "स्वच्छ"च्या ताईंनाही विचारून ठेवा. फ्रिज काही त्यांच्या बादलीत मावणार नाही, पण आपल्या भागात ई-कचरा कधी आणि कुठे गोळा होतो हे त्यांना सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा जास्त माहीत असतं.

जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी स्वतः नेऊन विकण्याचा विचार असेल तर टेम्पोचं भाडं आधी विचारा. विचार आपोआप मावळेल.

आदल्या दिवशी

रिकामा करा, प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली जुन्या चादरी पसरा. बर्फ आपणहून वितळू द्या. सुरीने खरवडू नका. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या त्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतूनच गॅसच्या वाटा गेलेल्या असतात, सुरीचं टोक सरळ त्यात जातं. आतल्या किंवा मागच्या पट्टीवर गॅसचं नाव छापलेलं असतं तेही पाहून घ्या. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू.

मागे खाली, कॉम्प्रेसरच्या वर, प्लॅस्टिकचा एक उथळ ट्रे असतो. आतलं पाणी तिथे येऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. तो ट्रे हयातीत कुणी धुतलेला नसतो. सुटा निघत असेल तर काढा, नसेल तर जुन्या बनियनने टिपून घ्या. मी विसरले होते. जिन्यात फ्रिज कलला आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या रांगोळीवर ते काळपट पाणी सांडलं. पाडव्याचा दिवस होता.

घरातून बाहेर: इथेच सगळे अडकतात

"आत आला तसा बाहेर जाईल" हा या विषयातला सर्वांत वाईट सल्ला आहे. तो आत आला तेव्हाचं घर आता राहिलेलं नसतं. आमचा फ्रिज आला तेव्हा सेफ्टी डोअर नव्हतं, ओट्याला ग्रॅनाइटची वाढीव कड नव्हती आणि पॅसेजमध्ये चपलांचं कपाट नव्हतं. फ्रिज वीस वर्षं जागेवर उभा राहिला आणि घर त्याच्याभोवती वाढत गेलं.

पहिल्या वेळी मी मोजमाप घेतलं होतं बरं का. स्वयंपाकघराची चौकट आतून साडेसत्तावीस इंच, फ्रिजची रुंदी चोवीस. मग अडचण कसली? फ्रिज चौकटीतून आरामात बाहेर आला आणि पॅसेजच्या वळणावर रुतला. मागेही जाईना, पुढेही येईना. स्वयंपाकघरात सासूबाई आणि कुकर, बाहेर मी, मध्ये फ्रिज. कुकरच्या शिट्या मी पलीकडून मोजत होते.

तिथे कळलं की चौकटीतून जाताना रुंदी लागते, पण वळताना कर्ण लागतो. शाळेतला पायथागोरस चाळिशीनंतर असा भेटला. चोवीस इंच रुंद आणि दारासकट सव्वीस इंच खोल फ्रिजचा कर्ण भरतो ३५ इंचांच्या थोडा वर. आमचा पॅसेज ३६ इंच, त्यातले दहा चपलांच्या कपाटाने खाल्लेले. कपाट हलवल्यावरही दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या इंचाहून थोडी जास्त जागा उरत होती, आणि हँडल मी मोजलंच नव्हतं. फ्रिजचं दार काढून टाकलं की खोली तेवीसवर येते आणि कर्ण ३३ इंचांवर. त्या दोन इंचांत हमालाची बोटं शाबूत राहतात.

म्हणून माझा हट्ट आहे: दार काढायचंच. बसतंय असं वाटलं तरी. वरच्या बिजागरीवरचं प्लॅस्टिकचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटा. खाली दोन-तीन बोल्ट दिसतील, बहुतेक वेळा दहा नंबरचा पाना चालतो, कधी आठचा. शेवटचा बोल्ट सैल करताना एकाने दार दोन्ही हातांनी धरून ठेवावं. रिकामं दारही चांगलं जड असतं आणि पायावरच पडतं. दोन दारांचा फ्रिज असेल तर आधी वरचं, मग मधली बिजागरी, मग खालचं. झाकणाखाली वायर दिसली तर तिचा जोड सोडवा, ओढू नका.

दार काढण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. खाली पार्किंगमध्ये फ्रिज तासभर जरी उभा राहिला तरी लपाछपी खेळणाऱ्या पोरांना ती जागा फार आवडते. जुन्या खटक्याच्या दारांचे फ्रिज आतून उघडतच नाहीत. दार नसलं की प्रश्न मिटला.

आता मोजायची यादी, आणि टेप लावूनच मोजा, वितीने नको. स्वयंपाकघराची चौकट, पॅसेजचं वळण, मुख्य दार पूर्ण उघडल्यावर उरणारी जागा (दाराची जाडी आणि कडीसुद्धा जागा घेते), सेफ्टी डोअर, जिन्याच्या कठड्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर आणि दोन मजल्यांमधला चौक. सेफ्टी डोअर शेजाऱ्यांच्या दारापुढे उघडत असेल तर त्यांना आदल्या रात्री सांगा. ऐन वेळी सांगितलं तर ते मदतीला येतात, आणि मग जिन्यात चौघे जण चार दिशांना "इकडे घ्या" म्हणत बसतात.

उचलायला हमाल बोलवा, पट्टा असलेले, दोन. नवरा आणि वॉचमन ही जोडी चालणार नाही. साधा १६५ लिटरचा एकदारी फ्रिजही पस्तीस-चाळीस किलोंच्या घरात असतो आणि त्यातला बराच भार एकाच कोपऱ्यात, खाली कॉम्प्रेसरपाशी. त्यामुळे तो अंदाजापेक्षा वेगळ्याच बाजूला कलतो. उतरताना खालच्या माणसावर जास्त वजन येतं, तेव्हा दोघांतला दणकट खाली. सूचना एकानेच द्यायच्या, त्याही खालच्याने. मालकिणीने वर उभं राहून गप्प बसायचं. हे मला अजून जमलेलं नाही.

मागच्या काळ्या जाळीला कुणालाही हात लावू देऊ नका. ती पकडायला सोयीची दिसते, पण ती मूठ नाही, गॅसची नळी आहे. आमच्या पहिल्या फ्रिजची जाळी दुसऱ्या मजल्यावर ओढली गेली, "फुस्स" झालं आणि दोन मिनिटांत विषय संपला. वास नाही, धूर नाही, काहीच नाही. नव्वदच्या दशकातला फ्रिज होता, आत आर-१२. ओझोन खाणारा वायू म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारात ज्यांच्यावर बंधनं आली त्यांतलाच हा एक. शिवाय उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जड. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण तोही तेराशे पटींच्या वर आहे. फ्रिजमध्ये गॅस असतो शंभर ग्रॅमच्या आसपास. मी दुसऱ्या मजल्यावर दोन मिनिटांत केलेला उद्योग म्हणजे साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच संध्याकाळी मी दुकानात कापडी पिशवी नेली नाही म्हणून मुलीला बोलले होते.

खाली आल्यावर

नेणारा माणूस भंगारवाला असेल तर एकच अट घाला: फ्रिज अख्खा न्यायचा, पार्किंगमध्ये उघडायचा नाही. त्यांना कॉम्प्रेसर आणि तांबं हवं असतं, बाकीचा खोका छोट्या हत्तीत जागा अडवतो, म्हणून पक्कड काढून तिथल्या तिथे नळी कापायचा मोह होतो. नळी कापली की उरलेला गॅस गेला आणि फरशीवर तेल. आमच्या पार्किंगमधला सात नंबरच्या गाडीखालचा डाग असाच पडला. साबण, सोडा, लाकडाचा भुसा, सगळं झालं, डाग आहे. रीसायकलर गॅस यंत्राने ओढून घेतो, तेल वेगळं काढतो आणि मग कापतो. म्हणून भंगारवाल्याचे दोनशे रुपये जास्त मिळत असले तरी मी आता रीसायकलरलाच देते. मला आजवर मिळालेली सर्वांत मोठी रक्कम बाराशे रुपये आहे. या व्यवहारात कुणी श्रीमंत होत नाही.

पावती घ्या. सोसायटीत गेटवर नोंद लागत असेल तर "सामान बाहेर"ची चिठ्ठी आधीच करून ठेवा, नाहीतर हमाल फ्रिज पाठीवर घेऊन उभा आणि वॉचमन पेन शोधतोय.

फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर देऊ नका, "त्याच्याबरोबरचाच आहे ना" असं विचारतीलच. तो सुटा विकला जातो. काचेचे ट्रे मात्र देऊन टाका. मी एकदा चार ठेवून घेतले, ओट्याखाली उपयोगी पडतील म्हणून. चारही अजून माळ्यावर आहेत.