निर्गुंडीचा पाला: ऑक्टोबरची तोडणी, सुकवण आणि सुजेवरचा शेक

पावसाने उघडीप दिली, दोन-चार दिवस कडक ऊन पडले की बांधावरच्या निर्गुंडीचा (काही भागांत निगडी) पाला काढायला घ्यावा. पान जून झालेले असते आणि हवा कोरडी. सुजेसाठी जून पानच घ्यायचे, कोवळे शेंडे नकोत. श्रीलंकेतल्या 2003 सालच्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पायाला मुद्दाम आणलेली सूज ताज्या, जून पानांच्या पाण्यातल्या अर्काने उतरली होती. पानात कॅस्टिसिन, ॲग्नुसाइड, नेगुंडोसाइड ही द्रव्ये आणि उडून जाणारे तेल असते. सुकवणीत हे तेलच आधी जाते.

पानाला पंजासारखी 3 किंवा 5 दले असतात, वरून हिरवी, खालून पांढुरकी. मधल्या दलाला स्वतःचा देठ असतो. कोकणात समुद्राकाठी वाढणाऱ्या तिच्या भावंडाला हा देठ जवळजवळ नसतो. दोन्ही एका पोत्यात भरू नयेत.

कपाशीच्या किंवा भाजीपाल्याच्या बांधावरचा पाला औषधासाठी घेऊच नये. पिकावरच्या फवाऱ्याचा तुषार त्यावर बसलेला असतो आणि धुऊन सगळा जात नाही. तो दशपर्णी अर्कात (दहा झाडांच्या पाल्याचे कीडनाशक) टाकावा.

दव उतरल्यावर फांद्या गुडघाभर उंचीवर छाटाव्यात, खोडाला पुन्हा फुटवा येतो. पाला ओरबाडून सावलीत, हवेशीर पडवीत जाळीवर दोन-तीन इंच थराने पसरावा. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलवावा. ढीग करून ठेवला तर आत हात घालून बघा, गरम लागेल. पाला सडायला लागल्याची ती खूण, मग बुरशी ठरलेलीच. उन्हात टाकला तर काळपटतो आणि वास जातो. रात्री दव पडत असेल तर वरून कापड टाकावे. पाच-सात दिवसांत पान चुरडले की करकर मोडते, देठ वाकत नाही, तुटतो. तेव्हाच पोत्यात भरावा. साडेतीन-चार किलो ओल्या पाल्याचा साधारण किलोभर वाळला पाला होतो.

रब्बीच्या नांगरटीत जुवाखाली बैलाचा खांदा सुजतो. कातडी शाबूत असेल तर चार मुठी ताजा पाला दोन लिटर पाण्यात झाकण ठेवून पंधरा मिनिटे उकळावा. झाकण नसेल तर वाफेबरोबर तेल जाते. त्या पाण्यात कापड बुडवून, पिळून, आपल्या मनगटाला सोसेल इतके गरम असताना दहा मिनिटे शेकावे, दिवसातून दोनदा. बैल जुंपायचा नाही. जू तसेच आणि शेक चालू, याला अर्थ नाही. जखम, पू किंवा ताप असेल तर शेकू नये, पशुवैद्यकाला दाखवावे. कासेच्या सुजेतही तेच, उशीर झाला तर सड कायमचा जातो.

घरच्या सांधेदुखीला चोळायचे तेल: अर्धा किलो पाला 4 लिटर पाण्यात उकळून 1 लिटर काढा उरवावा व गाळावा. त्यात 250 मिलि तीळतेल आणि 60 ग्रॅम वाटलेला पाला घालून मंद आचेवर आटवावे. तेलावर फेस आला की बोटांनी थोडा गाळ चोळून बघावा. त्याची वात वळली आणि जाळावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी संपले. तडतडते तेल बाटलीत भरले तर खवट होते. आच मोठी ठेवली तर खालचा गाळ करपतो आणि तेलाला जळका वास येतो, ते तेल टाकून द्यावे.

आधी मनगटावर थेंब लावून दिवसभर बघावे. गरोदरपणात, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना काढा पोटात घेऊ नये. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर तेल न लावता डॉक्टर गाठावा.