लोअर आर्मचा बोल्ट चाक लटकत असताना आवळू नका

जुन्या गाडीचा खड्ड्यातला 'खट्खट्' आवाज बऱ्याचदा लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) फाटलेल्या रबरी बुशमधून, म्हणजे आर्म सांगाड्याला जिथे बोल्टनं जोडतो तिथल्या रबरी गोळ्यातून येतो. घरी नवा आर्म बसवणारे एक चूक हमखास करतात: गाडी स्टँडवर, चाक हवेत, आणि त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट कचकचून आवळून मोकळे होतात. बोल्ट आवळला की बुशची आतली धातूची नळी जागेवर घट्ट धरली जाते; पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळावर चालते. म्हणजे लटकत्या स्थितीत आवळलं, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. मग नवीन बुश लवकर फाटतो आणि आपण दोष देतो 'डुप्लिकेट' मालाला!

म्हणून हा बोल्ट आधी नुसता हातानं लावा. मग बॉल जॉइंटजवळ (आर्मचा चाकाकडचा सांधा), आर्मच्या टोकाखाली जॅक लावून सावकाश वर घ्या. गाडी स्टँडवरून उचलली जाईलसं वाटलं की थांबा; आता आर्म गाडी जमिनीवर उभी असताना असतो तसा आला, तेव्हा शेवटचा आवळा द्या. किती, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. बॉल जॉइंटच्या नटला मात्र हा नियम नाही.

नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. शॉकअपची स्प्रिंग घरी उघडायच्या भानगडीत तर पडूच नका, दाबलेली स्प्रिंग सुटली की जिवावर बेतू शकतं. ते काम गॅरेजचं. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.