बास मासा गळाला लागत नाही? नवं आमिष घेण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १० एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. त्यात मिसिसिपी आणि सेंट क्रॉय नद्यांची भर. कोकणात खाडीवर गरवायची सवय असलेला आपला माणूस मिनियापोलिसला आला की पहिल्याच उन्हाळ्यात रॉड विकत घेतो आणि बऱ्याचदा तळहाताएवढे सनफिश मासे मोजत घरी येतो. मग दुकानात फेरी, आणखी चार रंगांचे प्लास्टिकचे किडे. माझं मत विचाराल तर दोष आमिषाचा क्वचितच असतो. बास जिथे नाही तिथे गळ पडतो, हे खरं दुखणं.

मोकळ्या पाण्यात लांब फेक

काठावर उभं राहायचं आणि ताकद लावून तळ्याच्या मध्यावर फेकायचं, हे सगळीकडे दिसतं. पण लार्जमाउथ बास दबा धरून बसणारा मासा आहे. त्याला आडोसा लागतो: कमळाची पानं, पडलेलं झाड, बोटी बांधायच्या धक्क्याखालची सावली. मिनेटोंका तळ्यात १९८७ साली मिलफॉइल हे परकं पाणगवत सापडलं. बोटवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण ते मोटरच्या पात्यांत गुंडाळतं. गरवणाऱ्याने मात्र त्याची बाहेरची कड शोधावी. गवत संपून पाणी एकदम खोल होतं, त्या रेषेला समांतर फेका. आडवं फेकलंत तर आमिष कामाच्या जागेत जेमतेम दोन-तीन सेकंद राहतं.

बासची दुसरी जात, स्मॉलमाउथ, तिची गोष्ट वेगळी. त्याला दगड हवेत, म्हणून मिल लॅक्स या तळ्याच्या खडकाळ तळाशी तो पोसला जातो. मिसिसिपीत मोठ्या धोंड्यामागे, वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना लागतं तिथे तो थांबतो. ओळखायला सोपा: तोंड मिटलेलं असताना जबडा डोळ्याच्या मागे गेला तर लार्जमाउथ, नाही गेला तर स्मॉलमाउथ.

किडा वाकडा ओवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि लक्षातही येत नाही. टेक्सस रिग म्हणजे किडा गळावर ओवायची एक पद्धत. तीत गळाचं टोक किड्याच्या डोक्यातून पाव इंच आत घालून बाजूने बाहेर काढायचं, डोकं गळाच्या नेढ्यापर्यंत सरकवायचं, गळ उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा अंगात रुतवायचं. आता दोर धरून किडा लोंबकळवून बघा. किडा सरळ लटकायला हवा. मध्ये बाक दिसला तर ओढताना तो गरगर फिरणार आणि दोराला पीळ पडणार. काढा, पुन्हा ओवा. गवतातून गळ अडकल्याशिवाय यावा, यासाठीच टोक अंगात लपवायचं असतं.

आमिष पाण्यात पडल्याबरोबर दोर ताणू नका. ताणलात की ते सरळ खाली न जाता तुमच्याकडे झुलत येतं. बास पुष्कळदा ते बुडत असतानाच उचलतो. हाताला धक्का जाणवेलच असं नाही, दोर नुसता बाजूला सरकतो. नजर दोरावर ठेवा, सरकला की ढील गुंडाळून घ्या आणि मगच झटका द्या. पानांवरून बेडकाच्या आकाराचं आमिष ओढताना उलट: पाणी उडालं म्हणून लगेच खेचू नका, वजन जाणवू द्या.

दोर तुटला, पण का?

तुटलेलं टोक बघायची सवय लावा. टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं असेल तर गाठ सुटली आहे. आवळण्याआधी ती थुंकीने ओली केली नसणार. टोक खरखरीत असेल तर दोर दगडावर किंवा शिंपल्यांवर घासला. सफाईदार कापलेलं असेल तर तो बहुधा पाइक मासा होता, त्याचे दात साध्या दोराला जुमानत नाहीत.

थंड वारं येऊन गेल्यावर आकाश निरभ्र होतं तेव्हा मासे आडोशात घट्ट शिरतात. आमिष लहान घ्या, हात मंद ठेवा.

माशाशी आणि तळ्याशी

वसंतात पाणी साधारण ६० अंश फॅरनहाइटला पोचलं की नर उथळ पाण्यात घरटं करून अंडी राखतो. त्याला उचललंत तर सनफिश अंड्यांवर तुटून पडतात. घरट्यावरच्या नराला सोडा, ही माझी कळकळीची विनंती. मोठा बास नुसत्या जबड्याने आडवा धरू नका, पोटाखाली ओला हात द्या. शिशाची वजनंही टाळा. ती गिळून लून पक्षी मरतात, आणि लून या राज्याचा पक्षी आहे.

वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर परवाना लागतो. हंगाम आणि मर्यादा दरवर्षी राज्याच्या नियमपुस्तिकेत बघा, काही तळ्यांचे नियम वेगळे असतात. निघताना बोटीचं बूच काढून सगळं पाणी ओतणं, गवताचा प्रत्येक तुकडा उतरवणं कायद्याने बंधनकारक आहे. झेब्रा शिंपले ही परकी जात अशीच एका तळ्यातून दुसऱ्यात गेली. उरलेली गांडुळंही पाण्यात किंवा काठावर टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.