इन्सुलिन पेननं घ्यायचं का सिरिंजनं? या चुका टाळा

पेन भारी का सिरिंज भारी हा वाद नंतर घाला, आधी बाटलीवर काय छापलंय ते बघा की. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका एमएलमध्ये 40 युनिटवाली आणि 100 युनिटवाली, सिरिंजही तशाच दोन, लाल टोपणाची 40 ला आणि केशरी टोपणाची 100 ला. बाटली आणली राजारामपुरीतनं, सिरिंज संपली म्हणून पोरगं महाद्वार रोडवरनं दुसरीच घेऊन आलं, झाला घोटाळा. 100 च्या बाटलीतलं लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात 50 युनिट जातात, अडीचपट, माणूस घाम फुटून बेशुद्ध पडंल. उलट झालं तर 20 च्या जागी 8 च जातात आणि शुगर का उतरंना म्हणून घरचे बिचाऱ्याचा भात बंद करतात.

याच्यापेक्षा लई वाईट जुगाड म्हणजे पेन बिघडलं की त्याच्या कार्ट्रिजमधनं, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीतनं, सिरिंजनं औषध ओढायचं. कार्ट्रिज 100 चं आणि घरात पडलेली सिरिंज बहुतेक लाल टोपणाची, पुढचं सांगायला नकोच.

पेननं घेऊनपण शुगर हलत नसंल तर लगेच डोस वाढवू नका. दरवेळी नवी सुई लावून 2 युनिट फिरवा, सुई वर धरून दाबा, टोकाला थेंब आला पाहिजे, नाही आला तर परत 2 फिरवून दाबा, तरी नाही तर सुई बदला. टोचल्यावर बटण दाबूनच 10 पर्यंत मोजा, घाई केली की औषध पोटावर ओघळतंय. झाल्यावर सुई काढून ठेवा, तशीच राहिली की आत हवा शिरते. दुधाळ इन्सुलिन असंल तर तळव्यात हळू घोळवून, वरखाली करून सगळं सारखं पांढरं झाल्यावरच घ्यायचं.

आता निवड. आज्जीला बारीक रेघा दिसत नसतील तर पेन बरं, आकडा मोठा दिसतो आणि टकटक ऐकू येते. खिशाचा विचार असंल तर सिरिंज स्वस्त पडते, नीट ओढली तर काम तेवढंच करते. आणि पेन सुई बदलूनसुद्धा दुसऱ्याला द्यायचं नाही, सख्ख्या भावालापण.

दोन्हीत सारखी चूक म्हणजे रोज तीच जागा. तिथं गाठ होते, दुखत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथंच टोचतात, पण गाठीतनं औषध कधी कमी कधी जास्त मुरतं. गाठ सोडून नव्या जागी घ्यायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना सांगा आणि थोडे दिवस शुगर जरा जास्त वेळा तपासा.