काच तडकते कशाने? सोलरच्या नळीपासून शेगडीपर्यंत, या चुका टाळा

काच फुटली की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'धक्का कोणी लावला?' हा. माझ्या मते तो ठपका बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर येतो, कारण शेवटचा धक्का निमित्तमात्र असतो आणि जुना ओरखडा, टवका उडालेली कड किंवा एकाच काचेच्या दोन भागांतील तापमानाचा फरक ही खरी कारणे त्याआधीच तयार झालेली असतात. लोखंडावर जास्त ताण आला तर ते वाकून तो ताण जिरवते. काचेला तसे जमत नाही. दाब ती भक्कमपणे सोसते, पण ताण आला की तो पृष्ठभागावरील बारीक चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे सरकते. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हीच गोष्ट गणिताने मांडली. आपला काचवाला मात्र रोज तीच वापरतो : पट्टी धरून हिऱ्याने एकच चरा ओढायचा, खालून टिचकी मारायची आणि काच त्या रेषेवर सरळ मोडायची. काचेचे पेले राखेने किंवा तारेच्या घासणीने घासताना आपण तेच चरे नकळत ओढत असतो.

मराठवाड्यात सर्वांत महागात पडणारी चूक गच्चीवर होते. टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांत सोलर वॉटर हीटरमधील पाणी वापरून, गळून किंवा वाफ होऊन संपते आणि नळ्या मे महिन्याच्या उन्हात रिकाम्या तापत राहतात. दुहेरी भिंतीच्या या नळीत दोन्ही काचांमध्ये निर्वात पोकळी असल्याने उष्णता बाहेर पडत नाही आणि रिकाम्या नळीचे आतील तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. अशा वेळी दुपारी दोन वाजता टँकर येतो आणि पाणी आले या आनंदात कोणीतरी कॉक उघडतो. आमच्याकडे हेच झाले होते. कॉक उघडल्यावर मिनिटभरात वरून एकामागोमाग तीन आवाज आले आणि विकत घेतलेले पाणी पन्हाळीतून वाहून गेले. दोष नळ्यांचा नव्हता. त्यांची बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसण्यासाठी बनवलेली काच साध्या काचेच्या तुलनेत तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, तरी एवढा फरक तिलाही सोसत नाही. नळ्या कोरड्या पडल्या असतील तर पाणी भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा, काच पूर्ण निवल्यावरच सोडावे, आणि पाणी येणारच नसेल तर नळ्यांवर जाड कापड किंवा ताडपत्री बांधून ठेवावी. नळी न फुटताही निकामी होऊ शकते : तिच्या खालच्या बंद टोकाचा चकचकीत रुपेरी भाग दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आतील निर्वात गेला आहे असे समजावे.

लोणच्याच्या बरणीचेही गणित हेच आहे. फोडणीचे कडकडीत तेल थेट ओतले की आतील थर तत्काळ प्रसरण पावू पाहतो, बाहेरील थर अजून गारच असतो आणि त्यावर ताण येतो. काच जाड म्हणजे सुरक्षित, हा समज येथे उलटा ठरतो. जाड काचेत उष्णता पलीकडे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून फरक जास्त काळ टिकतो. साध्या काचेला साधारण ४० अंशांचा अचानक फरकही धोक्याचा असतो. फोडणी पूर्ण निवू द्यावी.

खिडकीची काच उन्हाळ्यात आपोआप तडकली असे सांगितले जाते, तेव्हा तड्याची सुरुवात पाहावी. तडा कडेपाशी काटकोनात सुरू होऊन पुढे नागमोडी गेला असेल, तर मधला भाग उन्हाने तापला आणि चौकटीत दबलेली कड गार राहिली, हे कारण बहुधा खरे असते. दगड लागला असेल तर एका बिंदूपासून चांदणीसारख्या रेषा फुटतात. ऊन अडवण्यासाठी आतून काळा कागद किंवा थर्माकोल चिकटवल्याने काच अधिक तापते, तेव्हा पडदा किंवा वाळ्याचा तट्टा बाहेरून लावावा. तापलेल्या तावदानावर दुपारी पाणी शिंपडू नये.

काचेच्या शेगडीची काच टफन केलेली असते, म्हणजे सुमारे ६०० अंशांपुढे तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट भक्कम असते, पण ओरखडा दाबाचा थर ओलांडून गाभ्यापर्यंत गेला, की सबंध काच एका क्षणात बारीक तुकड्यांची होते. तिचे नाजूक ठिकाण म्हणजे कड, त्यामुळे मध्यभागी पातेले आदळले तरी टिकणारी काच ओट्याच्या कोपऱ्याला कड लागल्यावर फुटू शकते. बर्नरपेक्षा फार मोठे पातेले ठेवल्यास उष्णता खाली काचेवर परतते. दूध उतू गेल्यावर लगेच ओले फडके फिरवणे ही दुसरी चूक. टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून मापे आणि भोकांच्या जागा काच टफन करायला देण्यापूर्वीच पक्क्या कराव्यात.