वर्गातलं तंत्रज्ञान शिकायचंय? आधी धडा निवडा, ॲप नंतर

नागपुरातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारून पाहा, 'निष्ठा' या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं सगळ्यांकडे आहेत. 2019 साली हे प्रशिक्षण सुरू झालं, 2020 मध्ये 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-पोर्टलवर ऑनलाइन आलं, आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून शेजारी वह्या तपासण्यात आपण सगळेच तरबेज झालो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शिक्षकानं वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. तास कसेही भरतात. वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवर मात्र अजून यूट्यूबच्या कविताच चालतात.

माझ्या मते गडबड सुरुवातीलाच होते. प्रशिक्षणात आधी ॲप दाखवतात, बटणं समजावतात, आणि 'आता हे तुमच्या वर्गात वापरा' म्हणून सोडून देतात. उलट्या टोकानं सुरुवात केली तर काम सोपं होतं. एका सत्रात एकच धडा घ्या, त्यापेक्षा जास्त नको.

पोरं कुठे अडतात ते आधी शोधा

मागच्या घटक चाचणीचे पेपर काढा. गुण बघू नका, चुकलेली उत्तरं बघा. एकच चूक अर्ध्या वर्गानं केली असेल तर तो तुमचा धडा.

उदाहरणासाठी नववीचं 'धाराविद्युत' घेऊ. एका सेलला दोन सारखे बल्ब एकसरीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागे एक, जोडले, तर कोणता जास्त उजळेल? बरीच मुलं ठामपणे सांगतात, "सर, पहिला जास्त पेटंल, दुसऱ्यापर्यंत करंट कमी होऊन राहते ना!" त्यांच्या डोक्यात वीज म्हणजे वाटेत संपत जाणारी वस्तू. व्याख्या पाठ करून ही समजूत जात नाही, फळ्यावरच्या आकृतीनंही नाही. जिथे फळा कमी पडतो तिथेच तंत्रज्ञान आणण्यात अर्थ आहे. जो धडा तुम्ही खडूनं झकास शिकवता, त्याला हात लावू नका.

एकच साधन घ्या आणि घरी त्याची परीक्षा घ्या

या धड्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, उत्तम. ती मोफत आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. शेवटची सोय आपल्यासाठी सोन्यासारखी.

त्यातलं सर्किटचं किट उघडा. बॅटरी, दोन बल्ब आणि तारा जोडा. तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. आता पहिल्या बल्बच्या आधी करंट मोजणारा अमीटर लावा, मग दोन्हींच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पुढे. तिन्ही ठिकाणी आकडा तोच येतो. पोरांच्या समजुतीला पहिला तडा इथेच जातो. नंतर बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडून बघा, पडद्यावर बॅटरी पेट घेते. वर्गात हे कोणीतरी करणारच, तेव्हा तुम्ही आधी करून ठेवा आणि शॉर्ट सर्किट समजावायला तोच क्षण वापरा.

घरी खेळताना एका कागदावर तीन गोष्टी लिहा: मुलांना काय विचारायचं, पडद्यावर काय बदलायचं, कुठे थांबायचं. हे टाचण एवढंच पुरे.

अंदाज आधी, पडदा नंतर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. सिम्युलेशन थेट लावलं तर तो सिनेमा होतो, मुलं बघतात आणि विसरतात. आधी प्रत्येकाकडून उत्तर घ्या: पहिला बल्ब जास्त, दुसरा जास्त, दोन्ही सारखे, की दोन्ही बंद? स्वतःचं उत्तर खोटं ठरताना पाहिलेलं मूल ते विसरत नाही.

हात वर करायला लावले तर सगळे हुशार पोराकडे बघून हात वर करतात. त्यासाठी प्लिकर्स हे ॲप वापरून पाहा. यात मुलांच्या हातात फोन नसतो, फक्त एक छापील कार्ड असतं. कार्डावर काळ्या चौकटींची आकृती, चार बाजूंना ए, बी, सी, डी. उत्तर जे असेल ते अक्षर वर धरायचं. तुम्ही तुमच्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय, ते फोनवर दिसतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला कॉपी करता येत नाही. कार्डं मोफत उतरवून साध्या प्रिंटरवर निघतात. टिकावीत म्हणून लॅमिनेशन कराल, तर चकचकीत करू नका. खिडकीचा उजेड त्यावर परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. मॅट लॅमिनेशन करा, किंवा जाड कागदावर चिकटवून तसंच ठेवा.

कार्ड नोंदवताना मुलांची पूर्ण नावं टाकू नका, हजेरी क्रमांक पुरतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीचा आग्रह धरतो. वर्गाचे फोटो लगेच स्टेटसला टाकायच्या सवयीलाही यानिमित्तानं आवर घालावा.

लाइट जाईल हे धरूनच चला

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तरी नऊ वाजता खिडक्यांतून असं ऊन येतं की साध्या प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर दिसतच नाही. पडदे लावले तर पोरं उकडून निघतात. म्हणून पडद्याचं काम पहिल्या तासाला घ्या, शक्य असेल तर प्रोजेक्टरऐवजी टीव्ही वापरा. केबल टीव्हीला बसते का, आवाज येतो का, हे आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात पाहा. सिम्युलेशन लॅपटॉपमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्येही ठेवा.

आणि सीताबर्डीच्या बाजारातून टॉर्चचे दोन बल्ब, सेल, होल्डर, थोडी तार आणून ठेवा. लाइट गेली तर हाच तुमचा धडा. लाइट असली तरी हा प्रयोग टाळू नका, कारण यात एक मजा आहे. खऱ्या बल्बांपैकी एक बरेचदा थोडा जास्त उजळतो, आणि "पाहा सर, म्हटलं होतं ना!" असा गलका होतो. घाबरू नका. बल्बांची जागा बदला. उजेड जागेला चिकटून राहिला की बल्बाबरोबर गेला? बल्बाबरोबर गेला, तर फरक बल्बाचा आहे, दोन्ही बल्ब तंतोतंत सारखे नाहीत एवढंच. सिम्युलेशनमधले बल्ब आदर्श असतात, बाजारातले नसतात, आणि हे पोरांना पडदा एकटा कधीच शिकवू शकत नाही. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्राची सहल या धड्यानंतर काढली तर मुलं तिथे नुसती बटणं दाबत फिरणार नाहीत, प्रश्न विचारतील.

आता कोर्स करा

एक धडा असा घेतला की काय येत नाही ते तुमचं तुम्हालाच कळतं. कोर्स निवडायची वेळ ही. दीक्षावर मराठीतून अभ्यासक्रम आहेत, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर मोठे, सविस्तर कोर्स आहेत. 12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतरच्या वेतनश्रेणीसाठी लागणारं प्रशिक्षण करावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या एखाद्या स्वाध्यायासाठी इंटरनेटवरून उतारा डकवण्याऐवजी हाच वर्गातला अनुभव लिहा. वेळही वाचेल.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. हे अभ्यासाचे दिवस आपल्याला फुकट मिळालेले आहेत, त्यात एखादा कोर्स निवांत होतो.

चॅटजीपीटीसारखी साधनं प्रश्न तयार करायला बरी. मात्र 'दहा प्रश्न दे' एवढंच म्हणू नका. मुलांची खरी चुकीची उत्तरं त्यात टाका आणि त्यावरून पर्याय बनवायला सांगा. मराठी शुद्धलेखन आणि विज्ञानातली प्रत्येक ओळ स्वतः तपासा, कारण चूकसुद्धा ते तितक्याच आत्मविश्वासानं लिहितं.

सहकाऱ्याला वर्गात बसवा

शाळेतल्याच एखाद्या मॅडमना किंवा सरांना मागच्या बाकावर बसायला सांगा. त्यांनी तुमच्याकडे बघायचंच नाही, मुलांकडे बघायचं: पडदा लागल्यावर कोण बोललं, कोण गप्प बसलं, मागची रांग काय करत होती. महिन्याभरानं तोच बल्बचा प्रश्न, आकृती थोडी बदलून, पुन्हा विचारा. चुका किती उरल्या ते लिहून ठेवा. हे एक पान तुमच्या फायलीतल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगेल.

मग ते पान घेऊन केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत जा. केंद्रप्रमुखांकडे दहा मिनिटं मागा, सहसा मिळतात, कारण बोलायला कोणी तयारच नसतं. स्लाइड नेऊ नका. कार्डं न्या, जमलेल्या शिक्षकांना वाटा आणि त्यांनाच बल्बचा प्रश्न विचारा. सगळी कार्डं एकाच बाजूला वळतील, असं मात्र धरून चालू नका.