फेसवॉशची बाटली उलटी करून वाचा

फेसवॉश घेताना नजर जाते ती पुढच्या बाजूकडे. कोरफडीचं पान, लिंबाची फोड आणि मोठ्या अक्षरांत 'जेंटल'. तो खरंच सौम्य आहे की नाही, हे मागच्या बारीक अक्षरांतून कळतं. तिथली पहिली पाच-सहा नावं वाचली की बहुतेक निकाल लागतो.

आपल्याकडच्या नियमानुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याहून कमी असलेले त्यांच्यामागे कोणत्याही क्रमाने चालतात. ही १ टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण तिची एक खूण आहे: फिनॉक्सिइथेनॉल. उत्पादन टिकवण्यासाठी घातलेला हा पदार्थ सहसा १ टक्क्यापर्यंतच असतो. म्हणजे यादीत त्याच्याही मागे बसलेलं केशर, मध, पपई वगैरे नावापुरतंच. तसंही ते अर्ध्या मिनिटात मोरीत वाहून जाणार, त्यासाठी जास्त पैसे कशाला मोजायचे?

पहिलं नाव बहुधा पाणी, म्हणजे 'ॲक्वा'. खरा खेळ सुरू होतो त्यानंतर, मळ काढणाऱ्या घटकांपासून. यांना सर्फॅक्टंट म्हणतात. यांच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला, आणि घाम-तेल-धूळ उचलली जाते. पण चेहऱ्यावरचं नको असलेलं तेल कोणतं आणि त्वचेच्या थरांना बांधून ठेवणारी स्निग्धता कोणती, हा फरक त्यांना कळत नाही. कडक सर्फॅक्टंट दोन्ही उचलतो. भांडं घासल्यावर बोट फिरवलं की कुईं वाजतं ना, चेहरा तसा लागला तर तो स्वच्छतेचा पुरावा समजू नका. ते जास्त धुतलं गेल्याचं लक्षण आहे.

नावं जुळवताना एवढं लक्षात ठेवा. सोडियम लॉरिल सल्फेट कडक. सोडियम लॉरेथ सल्फेट दिसायला त्याचा जुळा भाऊ, पण स्वभावाने मऊ. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डायसोडियम लॉरेथ सल्फोसक्सिनेट ही सौम्य मंडळी. कोकामिडोप्रोपिल बीटेन सहसा दुसऱ्या सर्फॅक्टंटच्या जोडीला असतं आणि त्याचा कडकपणा उतरवतं. मात्र काहींना याचीच ॲलर्जी असते. पापण्यांवर किंवा मानेवर सतत खाज येत असेल तर आधी याच्यावर संशय घ्या.

'सल्फेट-फ्री' या शिक्क्यावर भुलू नका. सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नसल्याने 'सल्फेट-फ्री'च आहे, आणि तरीही तेल ओढण्यात चांगलंच तरबेज. उलट, त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं लिहून देत आलेल्या सेटाफिल क्लिन्झरच्या जुन्या सूत्रात सोडियम लॉरिल सल्फेट होतं. पण प्रमाण थोडं आणि सोबत सेटिल व स्टिअरिल अल्कोहोल. घटकाच्या नावाइतकंच त्याचं प्रमाण आणि त्याची संगत बघावी लागते. ही दोन अल्कोहोलं मेणासारखी स्निग्ध असतात, त्वचा कोरडी करत नाहीत. टाळायचं ते 'अल्कोहोल डिनॅट', म्हणजे चटकन उडून जाणारं अल्कोहोल, तेही यादीत वर असेल तर. ग्लिसरीन पहिल्या चार-पाचांत दिसलं तर चांगली खूण.

आता साबणाचं. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, ७ म्हणजे तटस्थ) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. वडीच्या साबणाचा ९ ते १०. यादीत सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट किंवा सोडियम कोकोएट दिसलं की तो साबणच, वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो. टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्ध पदार्थांचं प्रमाण, किमान ७६ टक्के असलेला 'ग्रेड १' साबण इतरांपेक्षा बरा, पण त्यानं पीएच खाली येत नाही. बोअरचं जड पाणी असलेल्या भागात साबणाचा आणखी एक त्रास: पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून त्याची साय तयार होते. बादलीच्या कडेला दिसणारा पांढरट थर तोच, आणि तो गालावरही बसतो. अशा ठिकाणी साबणविरहित फेसवॉश घेणं शहाणपणाचं. शंका असेल तर पीएच पट्टी फेसात बुडवून रंग ताडून पाहा. ५ ते ६.५ आला तर ठीक.

लिंबू आणि खायचा सोडा, दोन्ही चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. बेसन चालतं, पण जाडसर दळलेलं नको, आणि चोळायचं नाही.

संवेदनशील त्वचेसाठी यादीचं शेपूटही वाचा. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स', लिनालूल, लिमोनीन, सिट्रल, मिथाइलआयसोथायाझोलिनोन यांपैकी काही असेल तर बाटली परत ठेवा. 'हायपोॲलर्जेनिक' आणि 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' या शब्दांमागे ठरलेली एकच कसोटी नाही.

कोरड्या त्वचेला दुधासारखा, कमी फेसाचा क्लिन्झर. तेलकट त्वचेला जेल. मुरुमं असतील तर ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड, सुरुवातीला एक दिवसाआड.

नवी बाटली सरळ चेहऱ्याला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावा, पाच मिनिटांनी धुवा. दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. लाली, खाज, पुरळ नाही आलं तर चेहऱ्यावर. त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही.

धुताना आधी हात धुवा. चेहरा कोमट पाण्याने भिजवा. कढत पाणी स्वतःच स्निग्धता काढतं. हरभऱ्याएवढं जेल तळहातावर पाण्याने पातळ करून मग लावा. कोरड्या गालावर थेट बोट टेकवलं तर तिथेच सगळा जोर पडतो. बोटांच्या टोकांनी वीस-तीस सेकंद पुरे. केसांची कड, कानामागची जागा आणि जबड्याखालची रेघ नीट धुवा, फेस नेमका तिथेच राहतो आणि चुरचुरतो. टॉवेलने टिपा, घासू नका, आणि त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

पाण्याला दाद न देणारं सनस्क्रीन किंवा मेकअप सौम्य फेसवॉशने एका धुण्यात निघेलच असं नाही. पण तेवढ्यासाठी कडक फेसवॉश आणू नका. रात्री आधी क्लिन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटर, मग नेहमीचा फेसवॉश. सकाळी कोरड्या त्वचेला नुसतं पाणी चालतं.

धुतल्यावर दहा मिनिटांनी, काहीही न लावता, चेहरा ओढल्यासारखा वाटतो का ते पाहा. दोन-तीन दिवस तसंच वाटलं तर बाटली बदला, किंवा उरलेलं हात धुवायला वापरा. बदलूनही लाली आणि पापुद्रे राहिले तर दोष फेसवॉशचा नसेलही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि जाताना बाटली सोबत न्या.